चारच्या आत गाडी आणायची नाही

पाहुणे तळ्यावर गेले की वहिनीच्या पदरात काय पडायचं? एक पलंग. तोही दुसऱ्याने भाड्याने घेतलेला, तीन नंबरच्या खोलीतला, मागच्या खिडकीलगतचा, आणि दुपारी दोन ते चार एवढ्यापुरताच. पाहुण्यांच्या चादरीवर आपली जुनी चादर पसरायची, उशीवर टॉवेल टाकायचा आणि आडवं व्हायचं. चारला दिराच्या गाडीचा हॉर्न वळणावर वाजला की चादर गुंडाळायची, पलंगावरून हात फिरवायचा आणि दारात जाऊन हसतमुखाने विचारायचं, "मग? कसं होतं तळं?"

एवढ्याशा नफ्यासाठी ती जे डोकं चालवायची ते एखाद्या पेढीवर लावलं असतं तर पेढी भरभराटीला आली असती.

घर गावापासून लांब, शेतांच्या मधोमध. शहरातली माणसं तिथे शांतता शोधत यायची आणि ती सापडली की दुसऱ्या दिवशी विचारायची, "इथे बघण्यासारखं काय आहे?" पाहुण्यांच्या खोल्या चार, चारही एका लांब व्हरांड्यात उघडणाऱ्या. सीझनमध्ये चारही भरलेल्या असल्या की वहिनी आणि तिचा नवरा स्वयंपाकघरामागच्या कोठीत झोपायचे, गॅसच्या टाक्या आणि कांद्यांची पोती यांच्या मधल्या जागेत. वर पत्रा. रात्री शेवटच्या पाहुण्याचं गरम पाणी होईपर्यंत पाठ टेकायची नाही आणि पहाटे पहिल्याच्या चहाला उठायचं. नवऱ्याचं बरं होतं. पाहुणे त्याला मालक म्हणायचे, घरात तसं कुणी म्हणत नसे. तो स्वयंपाक बघायचा आणि कांदा चिरताचिरतासुद्धा डुलकी काढायचा, बोट कधी कापून घ्यायचा नाही. वहिनीला मात्र झोपायला पलंग लागायचा. एवढी एकच चैन तिने लग्नाआधीपासून जपली होती.

आसपास बघण्यासारखी ठिकाणं तीन. टेकडी, कुंभारांची वस्ती आणि तळं. प्रवासी लोक ठिकाणं सौंदर्यावर तोलतात, वहिनी वेळेवर तोलायची. टेकडीवर गेलेले जेवायच्या वेळेला परत, वर पोट खवळलेलं आणि बुटांचा चिखल व्हरांडाभर. कुंभारवस्ती त्याहून वाईट. तासाभरात बघून व्हायची आणि माणसं हातात मडकी घेऊन यायची. ती मडकी बांधायला रद्दी कुणाची? वहिनीची. राहता राहिलं तळं. तळ्यावर गेलेला माणूस नाश्ता करून निघायचा तो चारशिवाय दिसायचा नाही. येताना भूक मेलेली, पाय दुखलेले, एक चहा घेऊन गप्प पडायचा. तळं म्हणजे सोनं.

म्हणून पाहुणा गाडीतून उतरला की ती आधी त्याचे बूट बघायची आणि मग म्हणायची, "तळ्यावर जाऊन या हं. आमच्याकडे येऊन तळं बघितलं नाही तर आलात कशाला?"

स्वतः तिने तिन्हीपैकी एकही ठिकाण पाहिलेलं नव्हतं. जायला सवड कुठे होती? तिचं सगळं ज्ञान परत आलेल्या माणसांच्या तोंडचं. कुणी एक बाई घसरली होती, म्हणून पायऱ्यांवर शेवाळ. कुणा एका मुलीला पक्षी दिसले होते, म्हणून पक्षी. असं सात-आठ वर्षांचं ऐकीव जोडून तिने डोक्यात एक तळं बांधलं होतं, आणि ते इतकं सुरेख झालं होतं की कधीकधी दुपारी झोप लागताना तिला त्यातल्या होडीचा आवाज यायचा.

असा सगळा सुरळीत कारभार चाललेला असताना तीन नंबरच्या खोलीत डेपोसाहेब आले.

डेपोसाहेब म्हणजे बस डेपोचे रिटायर्ड मॅनेजर. बरोबर त्यांची बायको, काकू. आठ दिवसांचा मुक्काम. साहेबांनी सामान आत ठेवलं, व्हरांड्यातली वेताची खुर्ची ओढली, स्टुलावर पाय ठेवले आणि डोळे अर्धे मिटले. झालं. खुर्ची आणि साहेब यांचं लग्न लागल्यासारखं झालं.

वहिनीने पहिल्याच चहाबरोबर तळं पुढे केलं.

"आम्ही बघायला नाही आलो, वहिनी," साहेब म्हणाले. "बसायला आलोय."

"बसायला तर घरीही बसता येतं."

"घरी बसलं की लोक विचारतात, बरं नाही का. इथं पैसे भरून बसलं की कुणी विचारत नाही."

"मी विचारते की," काकू म्हणाल्या. "मला कोण उत्तर देतंय?"

बाकीच्या तीन खोल्यांतली माणसं स्वतःच्या गाड्या घेऊन आलेली. फोनमध्ये बघून सकाळीच कुठेकुठे लांब निघून जायची ती अंधार पडल्यावर यायची. खोल्या दिवसभर रिकाम्या. पण त्यांचा उपयोग काय? व्हरांड्यात चारही दारांवर नजर ठेवून साहेब बसलेले. भाड्याने दिलेल्या खोलीत घरची बाई चादर काखेत मारून शिरताना दिसली असती तर चार गावांत बोभाटा झाला असता. वहिनी पहिल्या दुपारी कोठीत जाऊन पडली. वरचा पत्रा तापलेला, शेजारी कांदे, आणि पायाशी मालक घोरत बसलेले. बसलेलेच. तिने पंधरा मिनिटांत हार मानली आणि भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने दोनदा दूध उतू घालवलं, चार नंबरच्या उशांना दोन नंबरचे अभ्रे चढवले आणि साहेबांच्या चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. साहेबांनी पहिला घोट घेतला, जरा थांबले, आणि कप रिकामा करून परत दिला.

"आज जरा वेगळा होता," ते म्हणाले.

आत येऊन वहिनीने उरलेला चहा चाखला आणि कपाळाला हात लावला. मालक म्हणाले, "पिऊन टाकला ना सगळा? मग आवडला असेल. उद्यापण तसाच कर."

"तुम्ही बोलू नका. तुम्हाला काय, कुठेही टेका, चालू."

"मग तूही टेक."

"टेकायला जागा आहे का या घरात?" असं ती म्हणाली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं, कारण आवाज रडका निघाला होता. चार खोल्यांचं घर, आठ पलंग, आणि बाईला टेकायला जागा नाही. आणखी पाच दुपारी काढायच्या होत्या, आणि साहेब गेल्यावर पुढचे येणार होते ते महिनाभराचे. या पाच दुपारी मिळाल्या नाहीत तर सीझन उभ्या पायांवर निभणार नाही, हे ती ओळखून होती.

चौथ्या सकाळी ती पदर खोचून व्हरांड्यात आली.

"साहेब, आज तळ्यावर जायचंच. गाडी काढायला सांगितलीय. चारपर्यंत आरामात परत."

"काय आहे तिथं?"

"पाणी आहे, होडी आहे, पक्षी आहेत. पायऱ्यांवर शेवाळ आहे, तेवढं जपून."

"पक्षी कुठले?"

"पांढरे."

"सगळे पांढरे?"

वहिनीने क्षणभर विचार केला. "एक काळा आहे."

काकू तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. साहेबांनी स्टुलावरचे पाय खाली घेतले, हीच मोठी प्रगती होती.

"तुम्ही कधी गेला होतात शेवटचं?"

"जाते की. अधूनमधून." वहिनीने कप उचलला. तो भरलेला होता, हे तिच्या लक्षात आलं नाही.

"वहिनी," साहेब म्हणाले, "मी उभा जन्म गाड्या सोडण्यात घालवला. कोण प्रवाशांसाठी गाडी सोडतोय आणि कोण एकदाची कटकट जाऊ दे म्हणून सोडतोय, हे मला शिट्टीवरून कळायचं. तुम्ही बरोबर येणार असाल तर येतो. नाहीतर ही खुर्ची बरी."

वहिनीने तिथल्या तिथे हिशेब केला. जायचे ते एका दुपारचे दोन तास, आणि ते तसेही बुडालेच होते. आणि हा माणूस एकदा खुर्चीतून हलला की उद्या टेकडीवर हलवता येईल, परवा कुंभारवस्तीत. मडकी बांधून देऊ हवं तर.

"येते," ती म्हणाली.

मालकांच्या हातातला झारा पडला. "तू? आणि चादरी? धोबी यायचाय, गॅसवाला यायचाय, संध्याकाळचं सामान यायचंय."

"तुम्ही आहात की. मालक ना तुम्ही?"

मालक काही बोलणार होते. ते एकदा बायकोकडे आणि एकदा बाहेर गाडी पुसत असलेल्या भावाकडे बघून गप्प बसले. वहिनीला ते तेव्हा खटकलं नाही. झोप नसलेल्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट खटकते.

दिराला मात्र घाम फुटला. "वहिनी, तुम्ही कशाला? ऊन आहे. रस्ता खराब आहे. तुम्हाला गाडी लागते."

"मला कधी गाडी लागली हो, भाऊजी? मी बसलेय कधी गाडीत?" असं म्हणून ती पुढच्या सीटवर बसली. मागे साहेब आणि काकू. काकूंनी शाल घेतली होती, पाण्याची बाटली घेतली होती, आणि दहा वर्षांत सहलीला न गेलेल्या बाईचा उत्साह घेतला होता.

गाडी निघाली. बराच वेळ शेतं, मग दूध संकलन केंद्राची निळी टाकी, टाकीच्या सावलीत झोपलेलं एक कान तुटलेलं कुत्रं, मग चढ, वळणं, झाडी. वहिनीच्या पापण्या जड व्हायला लागल्या. तिने खिडकीची काच खाली केली आणि डोळे ताणून बसली, कारण आज तिला बघायचं होतं. झाडी, वळणं, उतार. मग शेतं. मग निळी टाकी.

कुत्रं उठलं, आळस दिला आणि शेपटी हलवत गाडीबरोबर थोडं धावलं. रोजच्या ओळखीतल्या माणसासारखं.

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "ही टाकी मघाशी गेली."

"दुसरी आहे ती."

"आणि कुत्रं?"

मागून साहेब शांतपणे म्हणाले, "अजून किती फेऱ्या आहेत, ड्रायव्हर?"

"तीन मारतो, साहेब," दीर म्हणाला. एवढा खरेपणा कुठून आला ते त्यालाही कळलं नसावं. त्याने गाडी बाजूला घेतली. कुत्रं दाराशी येऊन उभं राहिलं. दिराने खिशातून बिस्किट काढून त्याला टाकलं.

"तळं अर्ध्या तासावर आहे, वहिनी. मागच्याच्या मागच्या वर्षी भिंतीला भेग पडली म्हणून पाणी सोडून दिलं. तेव्हापासून फाटकाला कुलूप आहे. पाहुण्यांना बाहेरून दाखवतो, चिखल आणि गवत. दहा मिनिटांत बघून होतं."

"आणि होडी?"

"पालथी आहे."

"पक्षी?"

"पाणी नाही तर पक्षी काय करतील?"

वहिनीचं डोक्यातलं तळं जागच्या जागी आटलं. "मग सरळ परत आणायचं ना लोकांना! फिरवत काय बसता टेकडीभोवती? डिझेल काय आकाशातून पडतं?"

"परत कसं आणू?" दिराचा आवाजही चढला. "तुम्हीच म्हणाला होतात. तुम्हाला ताप होता त्या वर्षी, आणि मी पाहुण्यांना जेवायच्या वेळेला घेऊन आलो होतो. तुम्ही दारात भिंत धरून उभ्या होतात. म्हणालात, भाऊजी, पुन्हा चारच्या आत ही गाडी दारात दिसली तर किल्ल्या विहिरीत टाकीन. तेव्हापासून कधी दिसली का?"

नव्हती दिसली. वहिनीला तो ताप आठवला, भिंत आठवली. बोललेलं काही आठवेना. तापातलं एक वाक्य. ती विसरून गेली होती आणि हा माणूस ते गाडीच्या आरशाला बांधून इतकी वर्षं टेकडीला फेऱ्या मारत होता.

"तुमच्या दादांना माहीत आहे?"

"दादानेच सांगितलं, तिला सांगू नकोस. झोपू दे."

वहिनी खिडकीची काच वर-खाली करत बसली. मग तिने विचारलं, "पण पाहुणे तर म्हणायचे, तळं छान होतं म्हणून. सगळेच म्हणायचे. दोन वर्षं."

"खर्च केलेला दिवस वाया गेला असं कोण सांगतो?" साहेब म्हणाले.

"तसं नाही, साहेब," दीर म्हणाला. आता सांगायला सुरुवात केलीच होती तर त्याला थांबवेना. "पहिल्या वेळेला एकजण भांडणारच होता. पूर्ण वाटभर म्हणत होता, जाऊन तुझ्या वहिनीला सुनावतो. दारात वहिनी आल्या. गालावर टॉवेलची नक्षी उमटलेली, केस एका बाजूला, आणि विचारतात, कसं होतं तळं? तो म्हणाला, छान होतं. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, असं तोंड करून विचारणाऱ्या बाईला कोण सांगणार पाणी नाही म्हणून? त्याच्यानंतर मी सगळ्यांना वाटेतच सांगून ठेवतो. काही हसतात. एक आजी तर म्हणाल्या, अजून एक फेरी मार, पोरीला उठवू नकोस."

वहिनीचा हात आपोआप गालावर गेला. शरम वाटली, मग राग आला, आणि दोन्ही वाटायला जी ताकद लागते तेवढीही अंगात नव्हती म्हणून ती नुसती समोर बघत बसली. आपण माणसं बाहेर काढतो, असं ती समजत होती. माणसं आपणहून बाहेर राहत होती.

"चला घरी," ती म्हणाली.

"चारच्या आत?" साहेबांनी विचारलं. "किल्ल्या विहिरीत जातील. ड्रायव्हर, तळ्यावर घ्या. आलोय तर चिखल बघू."

तळं तसंच होतं. कुलूप, गंज, मागे गुडघाभर गवत, मधोमध पालथी होडी आणि तिच्या पाठीवर वाळत घातलेला कुणाचा तरी सदरा. काकूंनी फाटकाच्या गजांना धरून सगळं नीट पाहिलं. "जागा छान आहे हं," त्या म्हणाल्या. "पाणी असतं तर गर्दी असती."

फाटकाबाहेर एक मोठं झाड होतं. दिराने गाडी सावलीत लावली, दोन्ही बाजूंची दारं उघडली. साहेब बाहेरच्या बुटक्या कठड्यावर जाऊन बसले. खाली दगड, मागे टेकायला काही नाही, पाय ठेवायला स्टूल नाही.

"काकू, तुम्ही मागे बसा सावलीत," वहिनी म्हणाली.

"मी रोजच बसते. तू पड."

"इथे? दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर?"

"आम्ही तिकडे तोंड करून बसतो. आमचं सगळं आयुष्य गेलं पाठमोरं बसण्यात," असं म्हणून काकूंनी शालीची घडी करून सीटवर उशीसारखी ठेवली. "अगं, पड म्हणते ना. मला एका माणसाला तरी हुकूम सोडू दे या सहलीत."

वहिनी पडली. एकदाच कूस वळली. दूरवर कुणीतरी गवत कापत होतं, काकू हळू आवाजात दिराला त्याच्या लग्नाचं विचारत होत्या, दीर उत्तर टाळत होता, आणि साहेब मध्येच म्हणाले, "हळू. गाडी झोपलीय." पुढचं तिला ऐकू आलं नाही. जागी झाली तेव्हा ऊन झाडापलीकडे गेलं होतं आणि तिघेही कठड्यावर पाठमोरे, एका ओळीत, रिकाम्या तळ्याकडे बघत बसले होते.

घरी पोचायला पाच वाजले. मालक दारात उभे होते. शर्टावर हळद, हातात कोणाचा तरी अभ्रा, चेहरा असा की दिवसभर धोबी, गॅसवाला आणि सामानवाला एकाच वेळी आले असावेत. पण त्यांनी बायकोच्या गालाकडे पाहिलं. तिथे शालीच्या काठाची वेलबुट्टी उमटली होती.

"मग?" ते जपून म्हणाले. "कसं होतं तळं?"

वहिनीने नवऱ्याकडे पुरतं एकदा पाहून घेतलं.

"छान होतं," ती म्हणाली. "पालथ्या होडीवर सदरा वाळत घातलाय, तोही छान होता. आता चहा टाका चार कप, आणि साखर चाखून टाका."

मालक आत पळाले.

दुसऱ्या दिवसापासून तिने पाहुण्यांना खरं सांगायला सुरुवात केली, तळ्यात पाणी नाही म्हणून. साहेबांना तर आता सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. टेकडीवर ते गेले नाहीत, कुंभारवस्तीतही गेले नाहीत. वहिनीचा तो हिशेब साफ चुकला. मात्र जेवणं झाली की ते उठायचे, वेताची खुर्ची ओढत व्हरांड्याच्या पार टोकाला न्यायचे आणि चारही दारांकडे पाठ करून बसायचे. काकू शेजारी स्टूल घेऊन बसायच्या. तीन नंबरचं दार नुसतं लोटलेलं असायचं. पहिल्या दिवशी वहिनी चादर घेऊन दाराशी घुटमळली. साहेब मान न वळवता म्हणाले, "गाडी सुटायची वेळ झाली, वहिनी. चारला परत आणा." मग ती नाही घुटमळली.

व्हरांड्याच्या त्या टोकाला दुपारचं ऊन येतं. म्हणूनच तिथे कुणी बसत नसे. वहिनीला ते माहीत होतं, पण ऊन यायच्या वेळेला ती झोपलेली असायची, त्यामुळे आठव्या दिवशी संध्याकाळी साहेब सामान घेऊन गाडीत बसायला निघाले तेव्हा तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्यांचा चेहरा एका बाजूने तांबूस झाला होता आणि दुसऱ्या बाजूने आला होता तसाच होता.

"अहो, हे काय?" वहिनी म्हणाली. "सांगायचं तरी!"

"घरी विचारतील," काकू म्हणाल्या, "तेव्हा सांगू, तळ्यावर रापले म्हणून."

साहेब गाडीत बसले, तांबूस गाल खिडकीकडे करून. पलंग वहिनीला मिळाला, चार दुपारी, पुऱ्या. फेऱ्या दिराने मारल्या, बोलणी मालकांनी खाल्ली, उन्हाचं बिल अर्ध्या चेहऱ्याने चुकतं झालं.